मालनकाकूंचा सेट

“कानाला धरू नकोस गं, खालून धर,” मालनकाकू म्हणाल्या. “नाहीतर कान हातात राहतो आणि कप जातो खाली.”

मी खालून धरला. काकू कपाटातून एकेक कप काढायच्या, पदरानं पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि मग माझ्या हातात द्यायच्या. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वेताच्या टोपलीत ठेवत होते. दुपारी मला बघायला पाव्हणे येणार होते, आणि आमच्या कारखान्याच्या कॉलनीत कुणाच्याही मुलीला बघायला पाव्हणे येणार असले की साळोख्यांचा हा चहाचा सेट त्या घरी जायचा. पांढराशुभ्र, कडेला सोनेरी रेघ, पोटावर हिरवी वेल. साळोखेकाका फौजेत असताना त्यांनी तो आसामातून स्वेटरांत गुंडाळून, ट्रंकेत घालून आणला होता. फौजेतून सुटल्यावर ते साखर कारखान्याच्या सिक्युरिटीत लागले आणि सेट आमच्या शेजारी राहायला आला. कॉलनीतल्या निम्म्या पोरींची लग्नं त्या कपांतल्या चहावर जमली असतील. काकू स्वतः मात्र कान तुटलेल्या एका जुन्या कपात चहा प्यायच्या.

देताना प्रत्येकीला एकच वाक्य: “जपून हं, बाई.” आणि परत करताना प्रत्येक बाई म्हणायची, “मोजून घ्या हो काकू.” त्यावर काकूंचं ठरलेलं उत्तर, “मोजायचं काय त्यात? घरचीच माणसं.” खरंच कधी मोजला नाही त्यांनी. म्हणून तर एक बशी कुणाच्या घरी फुटली ते त्यांना कळलंच नाही. तिच्या जागी त्यांनी साधी पांढरी, निळ्या रेघेची बशी आणून ठेवली. ती बशी घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात द्यायची, पाव्हण्यांकडे जाऊ द्यायची नाही, हा पुढं कॉलनीचा कायदाच होऊन बसला.

“शिरा मी येऊन करते,” काकू म्हणाल्या. “तुझी आई आधीच घाबरट. रवा करपवून ठेवायची.”

कोण येणार, कुठले, मुलगा काय करतो, यातलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. तो आमच्याकडचा रिवाजच. काम पक्कं होईपर्यंत मुलाचं नाव तोंडातून काढायचं नाही. दृष्ट लागते म्हणतात, आणि शिवाय मोडता घालणारी माणसं टपलेली असतातच. दोन घरांच्या मधे एक भिंत, भाजीची वाटी रोज इकडून तिकडं, पण मुलाचं नाव विचारलं की सख्ख्या मैत्रिणीही मुक्या व्हायच्या.

आतल्या खोलीत वैजू माझ्या साडीला इस्त्री करत होती. वैजू म्हणजे वैजयंती, काकूंची एकुलती एक, माझ्याहून वर्षानं लहान.

“सुहास, येताना पोस्टमन दिसला का गं?” तिनं आतून विचारलं.

“रविवारी कुठला पोस्टमन, वेडाबाई?”

“हो की,” ती म्हणाली, आणि इस्त्री पुन्हा फिरायला लागली.

ती कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं. महिन्यापूर्वी तिला बघायचा कार्यक्रम मिरजेला मामाकडे झाला होता. कॉलनीत नको, उगाच बोभाटा, म्हणून काकू सेटची टोपली मांडीवर घेऊन एसटीनं मिरजेला गेल्या होत्या. सगळं छान झालं. “कळवतो” म्हणून मंडळी गेली ती गेलीच. हो नाही की नाही नाही. आणि आमच्या वैजूला तो मुलगा मनापासून आवडला होता. नाव, गाव, नोकरी, काही सांगायचं नाही अशी आईनं शपथ घातलेली, पण एक गोष्ट तिला पोटात ठेवता आली नव्हती.

“त्यानं मला काय विचारलं असेल सांग,” ती मला म्हणाली होती. “म्हणाला, इंग्रजीत सेट हा एवढासा शब्द आहे, त्याचे किती अर्थ सांगता येतील तुम्हाला?”

“अगं, मुलगी बघायला आला होता की पेपर तपासायला?”

“हसू नकोस ना. मला तीनच आले. चहाचा सेट, टीव्हीचा सेट आणि गळ्यातला सेट. मग तो हसला. वाईट नाही गं, चांगलं हसला. म्हणाला, पुढच्या वेळी जास्त सांगा.”

पुढच्या वेळी! या दोन शब्दांवर वैजूनं अख्खा महिना काढला. आणि मी काय केलं, तर तिची शिकवणी घेतली. मी इंग्रजीत एम.ए. झालेली, त्यात प्राध्यापक व्हायला जी सेट नावाची परीक्षा लागते ती दोनदा देऊन दोनदा आपटलेली. त्या शब्दाचे सगळे अर्थ मला पाठ होते, सेट तेवढी सुटत नव्हती. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत आम्ही बसायचो आणि मी सांगायची: सूर्य मावळला की सेट. घड्याळ लावलं की सेट. ताटं मांडली की सेट. सिमेंट धरलं की सेट, जेली घट्ट झाली की सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट. मास्तरांनी पेपर काढला की सेट, खडा अंगठीत बसवला की सेट, प्रवासाला निघालं की सेट आउट, पाखरू सोडलं की सेट फ्री, आणि घर पेटवलं तर सेट ऑन फायर. वैजू शेंगा फोडता फोडता घोकायची. कुठे अडली की पहिल्यापासून.

मालनकाकू आतून ऐकत असायच्या. एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढ्याशा शब्दाला एवढी कामं? बाईच्या जातीचा दिसतोय.”

आम्ही किती हसलो होतो तेव्हा!

टोपली घेऊन मी घरी आले. आमच्याकडं वेगळाच तणाव. दादा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात टर्बाइनवर होते आणि येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते. म्हणजे क्वार्टर सोडायचं, गावी दोन खोल्यांत जायचं, आणि तिथं बिनलग्नाची सव्वीस वर्षांची पोर घेऊन बसायचं. आईची झोप उडाली होती. हे स्थळ माझ्या मामानं कोल्हापूरहून आणलं होतं. मुलगा प्राध्यापक, घरची बागायती, एकच मुलगा.

“हे जमलं की माझा जीव भांड्यात पडला,” आई सकाळपासून म्हणत होती. “सुहास, तू आपली बाई जास्त बोलू नकोस. विचारलं तेवढंच. तुझी ती जीभ जरा आवर.”

“आवरते.”

“आणि त्या सोफ्याच्या भोकावर नीट बसव ते कव्हर. नाहीतर नेमकं तिथंच बसायचं कुणीतरी.”

पाव्हणे जीपमधून आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्याबाई म्हणजे घरातलं मुख्य माणूस, हे चपला काढण्याच्या पद्धतीवरूनच कळलं. हातात पाटल्या, नजर छतापासून फरशीपर्यंत. सोफ्याच्या भोकावर त्याच बसल्या. आईचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघरात मालनकाकू शिरा परतत होत्या आणि वैजू चमचे पुसत होती. सेट देणाऱ्या घरची माणसं बाहेर डोकवायची नाहीत, हाही रिवाज. त्यात आमचा पंपाचा स्टोव्ह असा काही भरभरायचा की बाहेर कोण काय बोलतंय ते आत ऐकू येणं शक्यच नव्हतं. शिरा झाला, पोहे गेले, चहा झाला. काकूंनी स्टोव्ह बंद केला तसं घर एकदम शांत झालं. वैजूनं माझा पदर सारखा केला, कानात म्हणाली, “छान दिसतेयस, जा,” आणि ट्रे माझ्या हातात दिला.

मी चहा दिला. दादांच्या हातात आठवणीनं निळ्या रेघेची बशी दिली. खाली सतरंजीवर बसले. मुलगा दिसायला बरा होता, चष्मा होता, नाव उदयसिंह. खरं सांगायचं तर मला तो आवडला. न आवडायला काही कारणच नव्हतं.

आत्याबाईंनी कप डोळ्यांसमोर धरला, फिरवून बघितला.

“सेट नाजूक आहे हो. कुठनं घेतला?”

“माझ्या माहेरचा आहे,” आई म्हणाली. “माझ्या लग्नात दिलेला.”

मी मान वर करून आईकडं बघितलं. इतक्या मुलींच्या कार्यक्रमात हा सेट फिरला, पण आजवर कुणी तो आपला म्हणून सांगितला नव्हता. कुणी विचारलंच तर बायका हसून विषय बदलायच्या. माझी आई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. सोफ्याचं भोक, रंग उडालेल्या भिंती, त्या पाटल्या, या सगळ्याचं तिला काय झालं कोण जाणे, ती बोलून गेली. दादा बशीतल्या चहात बघत राहिले. आतून काही आवाज आला नाही. काकूंनी ऐकलं असणार. हसल्याही असतील. एवढ्या तेवढ्यानं रागावणाऱ्या नव्हत्या त्या.

मग उदयसिंह माझ्याकडं वळला.

“तुमचं एम.ए. इंग्रजीत ना? मग एक गंमत विचारू का? सेट हा एवढासा शब्द आहे. त्याचे किती अर्थ सांगता येतील तुम्हाला?”

आत वैजू कढई ओढत होती की काय करत होती, तो आवाज थांबला.

मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. मिरजेचा तो हाच. पडद्याच्या पलीकडं, हातभर अंतरावर, ती उभी होती. महिनाभर जे घोकलं ते सगळं तिच्या ओठांवर असेल. आणि तो प्रश्न आता मला विचारला गेला होता.

मैत्रिणीसाठी मी गप्प बसले असं सांगायला मला आवडलं असतं. पण तेवढा विचार करायला वेळच कुठं होता? जे तोंडात होतं ते बाहेर आलं.

“तीन,” मी म्हणाले. “चहाचा, टीव्हीचा आणि गळ्यातला.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. टर्बाइनवरच्या प्रत्येक माणसाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमची सुहास साहेबासारखं इंग्रजी बोलते. त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. उदयसिंह हसला. वैजू म्हणाली होती तसंच, चांगलं हसला.

“अरे उदय!” आत्याबाई एकदम म्हणाल्या. “त्या मिरजेच्या मुलीनंही हेच तीन सांगितले होते की! अगदी हेच!” आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांची नजर हातातल्या कपावर गेली आणि हसू मधेच थांबलं. “आणि कपही... वेल हीच होती रे तिथं.” मग त्यांनी दादांच्या हाताकडं बघितलं. “आणि ही निळ्या रेघेची बशी! त्या मुलीच्या मामांच्या हातात होती. घरी जाताना मी म्हटलं नव्हतं का तुला, सेट सुरेख, बशी तेवढी भलतीच?”



“तुमच्या माहेरचा म्हणालात ना?” आत्याबाईंनी आईला विचारलं. आवाज गोडच होता.

गोरी होती माझी आई, ती कानापर्यंत लाल झाली, मग पांढरी पडली. दादांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता हे उठतील, जीपमध्ये बसतील, आणि कोल्हापूरपासून मिरजेपर्यंत सांगत सुटतील की आम्हा थोरवतांच्या घरात चहाचे कपसुद्धा मागून आणलेले, वर खोटं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि मालनकाकू बाहेर आल्या. हाताला शिऱ्याचं तूप, पदर खोचलेला.

“अगंबाई!” आत्याबाई म्हणाल्या. “तुम्ही इथं?”

“शेजारीच राहते,” काकू म्हणाल्या. “नमस्कार. सेट यांचाच आहे. मिरजेला मीच मागून नेला होता. आमच्याकडं कुठनं यायचा असला? चहा घ्या, गार होतोय.”

त्यांचा आवाज इतका साधा होता की कुणालाही खरं वाटावं. आत्याबाईंना वाटलं. त्यांनी कप तोंडाला लावला. मुलाचे वडील मात्र चुळबुळायला लागले.

“तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं बघा. ते पत्रिकेचं जरा...”

“असू दे हो. बघाबघीत राहतं असं,” काकू म्हणाल्या. “शिरा आणखी वाढू का?”

आणि त्यांनी वाढला. ज्या माणसांनी त्यांच्या लेकीला महिनाभर लटकत ठेवलं, त्यांना त्यांनी आग्रह करून शिरा वाढला. मी सतरंजीवरची नक्षी बघत बसले. वर बघायची हिंमत नव्हती.

मंडळी गेल्यावर आई स्वयंपाकघरात गेली. काकू कढई घासत होत्या. मागचं दार उघडं होतं, वैजू निघून गेली होती.

“मालनताई,” आई म्हणाली, आणि पुढं तिला रडूच आलं.

“काही बोलू नका, वहिनी. पोरीच्या लग्नाचं काम आहे. माझ्या वेळेला तुम्ही केलं नसतं?”

त्यांनी कढई पालथी घातली, हात पुसले आणि त्या गेल्या.

संध्याकाळी मी कप धुऊन, पुसून, टोपली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. काकूंनी टोपली हातात घेतलीच नाही.

“राहू दे तुमच्याकडं. लोकांना तुमचा म्हणून सांगितलाय. उद्या होकार आला, पुन्हा आले, आणि घरात सेट दिसला नाही तर? तुझ्या आईची काय पत राहील?”

“पण काकू, तुम्हाला लागला तर?”

“मग? तुम्ही काय लांब आहात?”

वैजू आत पाठमोरी बसली होती. मी म्हटलं, “वैजू, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं गं.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “पण तू तीनच का सांगितलेस? तुला तर सगळे येतात. टिंगल केलीस माझी?”

“काहीतरीच काय!”

“मग कीव केलीस?”

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी टोपली घेऊन परत आले.

पंधरवड्यात मामाचं पत्र आलं. पत्रिका जुळत नाही. त्यानं दादांना आडून सांगितलं की मुलाला मुलीचं इंग्रजी बेताचं वाटलं. दादा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वैजूकडं तर पत्रही आलं नाही.

म्हणजे आता सेट परत करायला काही अडचण नव्हती. मी आईला म्हटलंही. ती म्हणाली, “देते गं. उद्या देते.” पण कॉलनीत गोष्ट कशी पसरते ते कुणाला सांगायला नको. त्या दिवशी आमचं दार उघडं होतं, समोरच्या ओट्यावर बायका गहू निवडत होत्या. पत्रानंतर आठ दिवसांत देसाईवहिनी आमच्या दारात.

“अहो, सेट तुमचा आहे म्हणे! आणि आम्ही इतकी वर्षं मालनकाकूंच्या पाया पडत होतो. दुसऱ्याच्या वस्तूवर केवढा तो मोठेपणा, बाई! तुम्ही भल्या, म्हणून बोलला नाहीत इतकी वर्षं.” मग खालच्या आवाजात, “आमच्या कुंदाला बघायला येणारेत. द्याल ना?”

मी तिथंच होते, तांदूळ निवडत. आता आई सांगेल, आता सांगेल, म्हणून मी वाट बघितली. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग उठली, टोपली आणली, देसाईवहिनींच्या हातात दिली.

“जपून हं, बाई,” ती म्हणाली.

मालनकाकूंचं वाक्य, मालनकाकूंचा सूरसुद्धा. देसाईवहिनी गेल्यावर मी तोंड सोडलं. “आई, लाज कशी वाटत नाही तुला? जा आणि सांग सगळ्यांना.”

“काय सांगू?” आई ओरडली. “मी खोटं बोलले म्हणून सांगू? आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून सांगू? तीही खोटी पडेलच की त्यात! तू सांग. तुला एवढी इंग्रजी येते ना, तूच जाऊन सांग.”

मी कुठं गेले? मीही नाहीच गेले. दार ओलांडून चार पावलांवर काकूंचं घर, पण ती चार पावलं मला जमली नाहीत. वैजू बोलत नाही हे निमित्त होतं.

देसाईवहिनींनंतर आणखी दोघीजणी आल्या. प्रत्येक वेळी आईला ते थोडं सोपं होत गेलं. पहिल्यांदा माझ्याकडं बघून दिला, पुढच्या वेळी न बघता. मग तिनं सेट टोपलीतून काढून शोकेसमध्ये लावला, का तर म्हणे टोपलीत उंदीर जातात. मालनकाकूंकडं आता कुणी जाईना. पूर्वी त्यांच्या ओट्यावर कुणी ना कुणी असायचंच, आता त्या एकट्याच शेंगा फोडत बसायच्या. नळावर बायका त्यांना चिमटे काढायच्या, “काय काकू, आसामचा सेट कुठं गेला?” आणि काकू हसून म्हणायच्या, “ज्याचा त्याच्याकडं गेला.”

पुढं यथावकाश मी सेट पास झाले, नोकरीला लागले, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. त्या शब्दाचा तास आला की मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायची. पोरांना वाटायचं, बाईंना अक्षर सुरेख काढायची हौस आहे.

पण मला सांगायचंय ते चैत्रातलं. गळीत हंगाम संपत आला होता, मळीचा वास कमी झाला होता, आणि आमची बांधाबांध सुरू झाली होती. एका सकाळी मागच्या दारी मालनकाकू उभ्या राहिल्या. एरवी त्या आत यायच्या, पाटावर बसायच्या. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“वहिनी, उद्या वैजूला बघायला यायचेत. सेट मिळेल का?”

मिळेल का. स्वतःचाच सेट, आणि मिळेल का.

घरात आम्ही तिघीच होतो. ऐकायला कुणी पाव्हणे नव्हते, देसाईवहिनी नव्हत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, आई, आता तरी. आता म्हण, मालनताई, घेऊन जा, तुमचा आहे, माझं चुकलं. एवढंच म्हण, तू म्हण, नाहीतर मी म्हणते. आईनं शोकेस उघडली. एकेक कप काढला, पदरानं पुसला, उजेडाकडं धरून बघितला, कागदात गुंडाळला. टोपली भरली. काकूंच्या हातात दिली.

“जपून हं, बाई,” आई म्हणाली.

आपण काय बोललो ते तिच्या लक्षातही आलं नाही. जिभेला सवय झाली होती. काकूंनी क्षणभर तिच्याकडं बघितलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “खालून धरते.”

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्या टोपली घेऊन आल्या. कार्यक्रम चांगला झाला म्हणाल्या, मुलगा एसटीत कंडक्टर आहे, वैजूला काही विचारलंबिचारलं नाही, चहा घेतला आणि मागचापुढचा विचार न करता होकार देऊन टाकला. नाव, गाव, सगळं सांगितलं. माझे डोळे भरून आले. मी “वैजू कशी आहे” विचारणार तोच त्यांनी टोपली आईच्या पुढं ठेवली.

“मोजून घ्या, वहिनी.”

मला माहीत होतं यावर काय म्हणायचं असतं. कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मोजायचं काय त्यात, घरचीच माणसं. मी आईच्या तोंडाकडं बघत राहिले.

आई खाली बसली. कागद सोडून तिनं कप एका ओळीत मांडले, बशा एकावर एक रचल्या, आणि बोट लावून मोजल्या. निळ्या रेघेची सगळ्यांत वर ठेवली.

“बरोबर आहेत,” आई म्हणाली.

“येते मग,” म्हणाल्या काकू, आणि चपला घालून गेल्या. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.